हळदी आणि राखाडी

फाल्गुनातलं ऊन सांगलीच्या हळदपेठेत उतरलं की उन्हाचं राहत नाही, हळदीचं होतं.

रस्ता पिवळा. रस्त्यात आडवी पडलेली कुत्री पिवळी. पोत्यांच्या थप्प्या पिवळ्या, थप्प्यांवर बसलेल्या चिमण्या पिवळ्या, चहाच्या ग्लासाची कड पिवळी, हमालांच्या पापण्या पिवळ्या. शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश झालेली हळकुंडं पोत्यांतून ओतली जातात तेव्हा दगडावर दगड वाजल्यासारखा आवाज होतो, आणि त्या आवाजातून धूळ उठते. मऊ, उबदार, कडवट धूळ. ती श्वासात जाते, घामात जाते, झोपेत जाते.

या धुळीत हिंदुराव शेवाळे तोलाईदार म्हणून उभे राहिले. मिसरूड फुटलं तेव्हा उभे राहिले आणि मिशा पांढऱ्या झाल्या तेव्हा घरी बसले. पोतं काट्यावर चढायचं, हिंदुराव वजन ओरडून सांगायचे, पोतं उतरायचं. बाकी आयुष्य असं काही नव्हतं. बाकीचं आयुष्य घरी शालन सांभाळत होती.

ती श्रावणात गेली.

आता फाल्गुन होता. घरात लग्न होतं.

घरात कुणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. असा रिवाज आहे. तीन वर्षं मुलीकडचे थांबणार नव्हते. म्हणून शालनच्या धाकट्या जावेनं, कांचननं, पदर खोचला आणि चैत्रातली तिथी काढली. शालनची खोली नवरदेवाला, तिच्या मुलाला धैर्यशीलला, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला द्यायची ठरली, कारण घरात तेवढीच एक खोली पूर्वेकडे उघडणारी होती. शालनची कॉट माळ्यावर गेली. शालनचं कपाट शेजारच्यांकडे गेलं. भिंती खरवडल्या गेल्या. चुन्याचे पापुद्रे जमिनीवर पडले, हिवाळ्यातल्या टाचेसारखे, कोरडे, पांढरे. आणि दस्तगीर पेंटरनं ते घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकले. एकेक पापुद्रा म्हणजे एकेक दिवाळी होती. घमेल्याला ते ठाऊक नव्हतं.

खरवडलेल्या भिंतीवर दस्तगीरनं दोन पट्टे मारले. ताटाएवढे. एक खिडकीजवळ, एक कोपऱ्याकडे.

खिडकीजवळचा हळदी. कोपऱ्याकडचा राखाडी.

सकाळी सगळे त्या खोलीत उभे राहिले आणि भिंतीकडे बघू लागले, जसे लोक आजाऱ्याकडे बघतात. तोंडावर काळजी, मनात जेवणाची वेळ.

"राखाडीच चालतो आता सगळीकडं," धैर्यशील म्हणाला. त्याच्या हातात फोन होता, फोनमध्ये कुठल्यातरी परक्या घराची खोली होती. तिथला पलंग राखाडी, पडदे राखाडी, उशा राखाडी. "मयूरीनं पाठवलाय फोटो. तिला असाच पाहिजे."

"छान आहे की. शांत वाटतंय," कांचन म्हणाली.

"शांत काय, काकू, क्लासिक म्हणतात त्याला."

"तुमचं तुम्हाला कळतंय बाबा. आमच्या वेळंला राख भांड्याला लावत होतो." ती हसली. मग तिला आठवलं, की मागं हिंदुराव उभे आहेत, आणि राखेवर हसावं इतके दिवस या घरात अजून झालेले नाहीत. तिनं पदर सारखा केला. "दस्तगीरभाऊ, तो पट्टा कोपऱ्यात का मारला? उजेडात मारायचा की."

"डागावर मारलाय, वैनी," दस्तगीर शिडी सरकवत म्हणाला. "हितं डोक्याच्या तेलाचा डाग हुता. खरवडला तरी आत गेलेला. म्हटलं बघू, झाकतोय का. झाकला बघा. राखाडी सगळं झाकतो."

सगळ्यांनी वाकून बघितलं. खरंच, डाग दिसत नव्हता.

कॉटवर बसून शालन जिथं डोकं टेकायची, तीच ही जागा. तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना, आणि शेवटी शेवटी काहीच न करता. वर्षानुवर्षं खोबरेल तेलाचं एक डोकं त्या भिंतीला टेकत राहिलं आणि भिंतीनं ते शोषून घेतलं. भिंतीला तेवढंच कळतं. माणसांना तेवढंही कळत नाही.

कांचन हिंदुरावांकडे वळली. तिच्या आवाजात मध होता. कांचनच्या आवाजात मध आला की घरातली माणसं सावध होत. हिंदुराव सावध झाले नाहीत. त्यांच्याशी गोड बोलणारं आता दुसरं कुणी नव्हतं.

"भावजी, रंग तेवढा तुम्ही सांगायचा. बाकी सगळं आम्ही बघतोय. देवकाला आम्ही दोघं बसतोय, तुम्हाला बसता आलं असतं तर तुम्हालाच बसवलं असतं, पण देवकाला जोडपं लागतं. एकट्याला नाही चालत. तुमचा मान राहिला पाहिजे म्हणून म्हणते, रंग तुमच्या तोंडचा. हळदी म्हणा नाहीतर राखाडी म्हणा. संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे दस्तगीरभाऊ पहिला हात मारतील."

"माझ्या तोंडचा?" हिंदुराव म्हणाले.

"तुमच्याच. घर कुणाचं?"

घर कुणाचं, याचं उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. कांचन आचाऱ्याला फोन लावायला गेली, धैर्यशील पत्रिका आणायला गेला, दस्तगीर पुढची खोली खरवडायला गेला. खोलीत दोन रंग आणि एक माणूस राहिला.

मुलाच्या लग्नात बापाला सांगण्यासारखा एकच शब्द उरला होता. हिंदुरावांनी खुर्ची ओढली आणि त्या एका शब्दासमोर बसले.

सकाळचं ऊन खिडकीतून आलं आणि सरळ हळदी पट्ट्यावर बसलं.

पट्टा जागा झाला. भिंतीवर ताटभर उजेड मांडावा तसा. त्या उजेडानं जवळचा उघडा गिलावा उबदार झाला, खिडकीचे गज उबदार झाले, हिंदुरावांचे गुडघे उबदार झाले. कोपऱ्यातला राखाडी मात्र तसाच राहिला. त्याला ऊन लागलं काय, न लागलं काय. विझलेल्या चुलीला सकाळ काय आणि दुपार काय.

शालन जतकडची. कोरड्या मुलखातली. तिच्या माहेरी एकच खोली होती आणि ती पिवळ्या मातीनं सारवलेली असायची. ओढ्याच्या दरडीतून माती खणायची, भिजवायची, चिंध्यांचा बोळा घेऊन भिंतीवर फिरवायची. पाऊस नसलेल्या वर्षीही भिंत पिवळी असायची. शेतात काही नाही, कणगीत काही नाही, पण भिंत भरल्या घराची. लग्न होऊन ती सांगलीला आली तेव्हा तिनं चुन्याची भिंत बघितली आणि पहिल्याच दिवाळीला म्हणाली, "अहो, यंदा हळदी रंग देऊया की."

हिंदुराव तेव्हा आंघोळ करून आले होते. मोरीतून पिवळं पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "दिवसभर हळदीतच मरतोय. घरी तरी डोळ्याला पांढरं दिसू दे."

हे बोलणं वाईट नव्हतं. दमलेल्या माणसाचं होतं. पण एकदा बोललेलं वाईट नसतंच. तेच दर दिवाळीला आलं, की त्याचं जोखड होतं.

आणि हिंदुराव तर दर दिवाळीला विचारायचे. हे विचारणं म्हणजे त्यांची गंमत होती. पिंपात चुना आधीच भिजत टाकलेला असायचा, रटरट शिजत असायचा, आणि ते उंबऱ्यावर बसून ओरडायचे, "काय मग शालनबाई, यंदा कोणता रंग?" ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "हळदी." ते म्हणायचे, "बरं बरं," आणि चुन्यात कुंचा बुडवायचे. शेजारचे हसायचे. तीही हसायची. कुणी तिच्या हसण्याकडे कधी नीट बघितलं नाही. हसणाऱ्या माणसाकडे कोण बघतं?

ऊन सरकलं. दुपार झाली.

दुपारच्या उन्हात हळदी रंग उग्र होतो. त्याच्यातला मऊपणा जातो, तो बघणाऱ्याच्या अंगावर येतो. पुढच्या खोलीत दस्तगीरची खरवडायची पत्री भिंतीवर खर्रखर्र चालत होती, चुन्याचे पापुद्रे सुटत होते. हिंदुरावांनी डोळे बारीक केले. त्यांना वाटलं, हा पट्टा आता लाल होईल.

कारण एकदा झाला होता.

धैर्यशील तेव्हा रांगत होता. दिवाळी तोंडावर होती, पिंपात चुना तयार होता, आणि हिंदुराव पेठेत होते. शालननं डब्यातली हळद घेतली. दळलेली, घरच्या कांडपाची, वर्षाची हळद. ती तिनं पिंपात ओतली आणि काठीनं ढवळली.

हळदीत चुना पडला की कुंकू होतं. कुठल्याही बाईला हे माहीत असतं; शालनलाही माहीत होतं. पण फार दिवस मनात धरलेली गोष्ट हातानं करायची वेळ येते तेव्हा माणूस माहीत असलेलंच आधी विसरतं. पिंप तांबडं झालं. तिला वाटलं, वाळल्यावर निवळेल. तिनं घाईघाईनं कुंचा मारला. अर्धी भिंत मारून झाली आणि हिंदुराव दारात आले.

भिंत रक्तासारखी ओली होती. शालनचे हात कोपरापर्यंत तांबडे होते. ती वळली, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते लाजही नव्हती आणि भीतीही नव्हती. कुणीतरी "असू दे" म्हणावं, एवढीच ती वाट बघत होती.

हिंदुरावांनी तेवढंच म्हणायचं होतं.

ते हसले. पोट धरून हसले. मग बाहेर जाऊन त्यांनी हाका मारल्या, आणि गल्ली गोळा झाली. "या या, बघा आमच्या घरी काय कौतुक झालंय!" शेजारचा नाना गवंडी दारातच बसला हसून हसून. "वैनी, भिंतीला सवाष्ण केली की हो तुम्ही!" बायका पदरात तोंड घालून हसल्या. शालन तांबडे हात पाठीमागं घेऊन उभी होती.

"मी चुना मारून टाकते," ती म्हणाली.

"अजिबात नाही," हिंदुराव म्हणाले. "राहू दे. पाडव्याला, भाऊबीजेला येतील सगळे. बघू देत की."

भिंत तशीच राहिली. फराळाच्या ताटासमोर प्रत्येक पाहुण्याला गोष्ट सांगितली गेली. प्रत्येक पाहुणा हसला. शालन चकल्या वाढत राहिली. तिचा भाऊ भाऊबीजेला आला, त्यालाही गोष्ट सांगितली. तो हसला नाही. तो भिंतीकडे बघत बसला, मग बहिणीकडे, आणि पुढच्या वर्षी आला नाही.

उन्हानं हळद उडते. थंडी सरेपर्यंत भिंतीचं तांबडं विटकं झालं, मग मातकट झालं, मग नुसता एक मळ राहिला. त्यावर चुना बसला. गोष्ट मात्र विटली नाही. गल्लीतली माणसं ती बरीच वर्षं सांगत राहिली, आणि शालननं दर वेळी ती नव्यानं ऐकल्यासारखी ऐकली.

तिसऱ्या प्रहरी ऊन खिडकीतून निघालं. आता दोन्ही पट्टे सावलीत होते.

सावलीत हळदी वेगळाच दिसतो. उजेड निघून गेल्यावर त्याच्यात एक आजार उरतो. हिंदुराव खुर्चीतून उठले आणि दाराशी जाऊन परत आले. त्यांना बघायचं नव्हतं आणि त्यांनी बघितलं.

असाच रंग. अगदी असाच.

गेल्या उन्हाळ्यात शालनच्या तळहातांना आला होता. मग नखांना. मग मानेला. ती म्हणाली, "अंगाला खाज सुटतीये." हिंदुराव म्हणाले, "हळद असेल." माणूस पेठेतून निवृत्त होतो, पेठ माणसातून होत नाही, त्यांचे सदरे, त्यांच्या उशा, त्यांची धोतरं, सगळं हळदीचं होतं आणि ते सगळं शालन हातानं धुवायची. हळद असेल. ती म्हणाली, "जेवण जात नाही." ते म्हणाले, "उन्हाळा आहे." ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मी पिवळी दिसते का?"

हिंदुरावांनी तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं. चांगल्या उजेडात नेऊन बघितलं. आणि म्हणाले, "नाही."

ते खोटं बोलले नाहीत. हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. त्यांच्या डोळ्यांना पिवळं दिसायचं बंद होऊन जमाना झाला होता. जो रंग सगळीकडं असतो तो कुठंच नसतो. मीठ विकणाऱ्याला मिठाची चव लागत नाही. अत्तरवाल्याला वास येत नाही. हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर त्यांची बायको दिवसेंदिवस पिकत गेली, जसं झाडावर पान पिकतं, आणि ते म्हणाले, नाही.

शेवटी ती मोरीत पडली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. ती दारातून आत आली तेवढ्यात ते खुर्चीतून उठले.

"किती दिवस झाले यांना असं पिवळं पडून?"

"ती हळद आहे साहेब," हिंदुराव म्हणाले. "मी पेठेत होतो ना. कपड्यांना असतीय."

डॉक्टरांनी शालनची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. आतलं पांढरं, पांढरं नव्हतं.

"डोळ्यांत हळद जाते का हो, आजोबा?"

शालननं ओढलेल्या पापणीनंच नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर हिंदुरावांना त्यानंतर झोप लागली असती. तिथं एक जुनं, ओळखीचं हसू होतं. पाहुण्यांना चकल्या वाढतानाचं. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "त्यांना पिवळा आवडत नाही, म्हणून बघत नाहीत." आणि डॉक्टरांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय, म्हणून तेही हसले.

कावीळ नुसता निरोप होता. निरोप देणारं आत खोल बसलेलं होतं आणि त्याला आता घाई नव्हती. "दोन महिने आधी आला असता तर," डॉक्टर म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडलं. सोडलेलं वाक्य घेऊन हिंदुराव घरी आले. ते वाक्य अजून संपलेलं नाही.

खोलीत संध्याकाळ शिरू लागली.

आता हिंदुराव दोन रंगांच्या मधोमध उभे होते. राखाडीला हात लावला. गार, गुळगुळीत. याच्याखाली तिच्या डोक्याची जागा आहे आणि वर काही दिसत नाही. या रंगात राहता येईल. या रंगात झोप येईल. हा रंग काही विचारणार नाही. रोज सकाळी दार उघडं दिसलं तरी आत नुसतं राखाडी दिसेल, जसं सगळ्यांच्या घरी दिसतं.

मग हळदीला हात लावला. हा रंग रोज बोलेल. हा म्हणेल, मागितलं तेव्हा दिलं नाहीस. हा म्हणेल, दाखवलं तेव्हा बघितलं नाहीस. सुनेला चहाला हाक मारायला दाराशी जावं आणि भिंतभर शालननं वळून बघावं. पुन्हा पुन्हा. मरेपर्यंत.

हेच पाहिजे, हिंदुरावांना वाटलं. एवढी शिक्षा तरी कुणीतरी द्यावी. आणि शिक्षेच्या खाली, खरवडलेल्या भिंतीत तेल गेलं होतं तितक्या खोल, दुसरंही काही होतं. तिला आता दिसणार नाही, कळणार नाही, उपयोग नाही. तरीसुद्धा एकदा, फक्त एकदा, तिनं मागितलेलं आपल्या तोंडून "हो" म्हणून बाहेर पडावं. उशिरा. लाजिरवाणं. पण पडावं.

त्यांनी ओठ ओले केले. शब्द छोटा होता. पण एवढा छोटा शब्द अख्ख्या संसारात त्यांच्या तोंडात कधी आलाच नव्हता, त्यामुळे तो कुठून बाहेर काढायचा हेच त्यांना कळेना.

कांचन आली. मागोमाग धैर्यशील, मागोमाग बादली घेऊन दस्तगीर.

"काय ठरलं मग भावजी?"

"हळदी," हिंदुराव म्हणाले.

आवाज घोगरा आला. म्हणून ते पुन्हा म्हणाले. "हळदी रंग द्या. शालनला हवा होता."

पुढच्या खोलीत भिंतीचा एक सुटलेला पापुद्रा खाली पडला.

कांचननं धैर्यशीलकडे बघितलं. धैर्यशीलनं फोनकडे बघितलं. दस्तगीरनं बादली हळूच खाली ठेवली आणि कुणाकडेच बघितलं नाही.

"आबा," धैर्यशील म्हणाला, "रंग तर परवाच आणलाय. राखाडी. मशिनवर मिसळून घेतलाय, परत घेत नाहीत ते."

"मग हा कशाला मारला?" हिंदुरावांनी हळदी पट्ट्याकडे बोट केलं.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून," कांचन म्हणाली. आवाजात अजून मध होता. "म्हटलं भावजींना विचारावं. आमच्या मनात आलं, तुम्ही राखाडीच म्हणाल. तुम्हाला पिवळ्याचा किती कंटाळा, अख्ख्या गल्लीला माहीत आहे की! जाऊबाई बिचाऱ्या म्हणून म्हणून दमल्या."

ती दुष्टपणानं बोलली नाही. खरं बोलली. खऱ्याला दुष्टपणाची गरज लागत नाही.

हिंदुरावांना वाटलं, ओरडावं. घर माझं आहे म्हणावं. रंगाचा डबा उचलून अंगणात ओतावा. पण ओरडायला ज्या जागेवर उभं राहावं लागतं, ती जागा त्यांच्या पायाखाली नव्हती. विचारायचं आणि ऐकायचं नाही, हा खेळ या घरात त्यांनीच आणला होता. खेळ तोच होता. आज फक्त उंबऱ्यावर दुसरं माणूस बसलं होतं.

आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ते हसले. थोडंसं, ओठांच्या कडेनं. पाहुण्यांसमोर हसतात तसं.

"बरं बरं," कांचन म्हणाली, तिला हलकं वाटलं. "मी म्हटलंच होतं, भावजी समजूतदार आहेत. दस्तगीरभाऊ, करा सुरुवात."

"आधी पांढरा हात मारावा लागंल, वैनी. प्रायमर. न्हाईतर पिवळा वर येतोय. राखाडीतनं सुदिक डोकावतोय. लई जिद्दी रंग."

"मग मारा की."

कांचननं घड्याळ बघितलं, मग हिंदुरावांकडे बघितलं, आणि तिला एकदम सुचलं. तिच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद आला, एखाद्याला दुखावलं असेल तर लगेच भरपाई करता आल्याचा आनंद.

"थांबा, थांबा. पहिला हात भावजींना मारू दे. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातानं सुरुवात झाली की शुभ असतं. घ्या भावजी. धैर्या, आबांना ब्रश दे. आणि फोटो काढ, मयूरीला पाठवू."

धैर्यशीलनं ब्रश दिला. ब्रश नवा होता, केस मऊ होते. दस्तगीरनं बादली पुढं सरकवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "नका मारू आबा, मी मारतो." पण ते फक्त हिंदुरावांना ऐकू गेलं, आणि हिंदुरावांनी ब्रश बुडवला होता.

"इथं मारा, या पिवळ्यावरच," कांचन म्हणाली. "तोच झाकायचाय आधी."

"आबा, इकडं बघा जरा," धैर्यशील म्हणाला.

हिंदुरावांनी इकडं बघितलं नाही. त्यांनी भिंतीकडे बघितलं. आज त्यांना पिवळं दिसत होतं. स्वच्छ, आरपार, इतकं स्पष्ट की डोळ्यांत पाणी आलं. सगळं आयुष्य न दिसलेला रंग आता, झाकायच्या घडीला, दिसत होता.

त्यांनी हात उचलला.

पहिला पट्टा आडवा गेला. पांढऱ्याखालून पिवळा तसाच दिसत राहिला, थोडा दूर गेल्यासारखा. पहाटेच्या धुक्यात शिरणाऱ्या बाईसारखा. पाठमोरी, पिवळं लुगडं नेसलेली.

"अजून एक," कांचन म्हणाली.

दुसरा पट्टा. तिची पावलं दिसेनाशी झाली.

"अजून."

तिसरा. लुगड्याचे काठ गेले, हात गेले, पाठ गेली. आता धुक्यात नुसता एक उबारा होता, एवढा की बघणाऱ्याला वाटावं, आहे. आणि पुन्हा बघितल्यावर वाटावं, नसेल.

हिंदुराव वाट बघत उभे राहिले. ती वळेल असं त्यांना वाटलं. धुकं वाळत गेलं, घट्ट होत गेलं, पांढरं होत गेलं. आणि ती वळली नाही, वळली नाही, वळली नाही.